आखूड दांड्यांचा साचा

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. हिची सर्दी गेली आणि ती मला झाली, म्हणजे घरातली घरातच राहिली. तुझे गुडघे काय म्हणतात? चालतेस ना, की अजून एका जागी बसून सगळ्या घराला चालवतेस? अक्षर वाकडं वाटलं तर रागावू नकोस, उजवा तळवा भाजला आहे. (कसा ते पुढे येतंय, आणि तिथे हसू नकोस.)

आधी बातमी. आत्या, आपण जिंकलो.

इथल्या संग्रहालयात ठासणीच्या जुन्या बंदुकांचं एक कपाट आहे आणि त्या बंदुकांच्या गोळ्या ओतायचे अकरा साचे. तुला काय सांगायचं म्हणा, चिमट्यासारखी दोन दांड्यांची वस्तू, मिटली की तोंडात गोल पोकळी राहते, त्यात वितळलेलं शिसं ओतायचं. आपल्याकडचा साचा मी जन्मभर अक्रोड फोडायला वापरला. तर या साच्यांसाठी नवीन कार्ड छापायचं होतं आणि कपाटाचे सल्लागार (हातात सदैव भिंग, म्हणून सगळे त्यांना भिंगच म्हणतात) ठामपणे सांगत होते की हे साचे परदेशी कारखान्यातले, कारण जोडाच्या खिळ्याजवळ छोटी चंद्रकोर आहे. मी म्हणालो, अहो, हे माझ्या आजोबांनी केलेत. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणालो, चष्म्याच्या दुकानात काड्या बसवतो. तर म्हणाले, मग आधी एक चष्मा स्वतःला लावा. आपल्या घराण्यात कानस हाती न धरलेला पहिला पुरुष मीच, हे मला मान्य आहे, पण आजोबांचं नाव माझ्यादेखत पुसलं जावं हे मला सहन होईना. कार्ड छापायला तीन आठवडे होते.

पहिला प्रयोग घरी केला. आपल्या साच्यातली गोळी त्यांच्या साच्यातल्या गोळीशी जुळली की काम झालं, असा माझा हिशेब. हिच्या दुधाच्या पातेल्यात शिसं वितळवलं आणि साच्यात ओतलं. पण त्या दांड्या इतक्या आखूड की माझ्या तळव्याची गादी थेट तापलेल्या लोखंडावर टेकली. मी जो ओरडलो, त्याने शेजारचे धावून आले. गोळी कपाटाखाली गेली. तासाभराने काठीने बाहेर काढली तर ती शेंगदाण्याच्या आकाराची, कारण तीस वर्षं अक्रोड फोडून साचा वाकला होता. हिने पातेलं फेकून दिलं आणि मला ठेवून घेतलं, तेही जरा विचार करून. दांड्या आखूड का, हे भिंगांना विचारलं तर म्हणाले, कारखान्याने लोखंड वाचवलं. मला वाटलं, आजोबांनीच वाचवलं असेल. माझे बाबा साबणाची वडी दोऱ्याने कापून अर्धी देत, ते कुठून तरी आलंच असणार.

मग चंद्रकोरीच्या मागे लागलो. गल्लीतल्या जुन्या कड्या, बिजागऱ्या, कात्र्या तपासल्या. शिंप्याच्या मशीनखाली आडवा होऊन बघत होतो, तेव्हा गिऱ्हाईक बाईंनी किंकाळी फोडली. दोन घरांनी नवी कुलपं लावली. शेवटी काखेत कळसा म्हणतात तसं झालं. माळ्यावरच्या आजोबांच्या पेटीत, झाकणाच्या चोरकप्प्यात, लाल रिबिनीत गुंडाळलेला, लोखंडावर खूण ठोकायचा पोलादी पंच सापडला. टोकाला चंद्रकोर, एक टोक किंचित तुटलेलं. (रिबिनीत गुंडाळून ठेवणारा माणूस किती नीटनेटका असेल, असं मला वाटलं.)

मग काय, गेलो संग्रहालयात. सगळ्यांसमोर शिशाच्या तुकड्यावर पंच ठोकला आणि तो ठसा साच्याशेजारी ठेवला. तेच तुटकं टोक, अकराच्या अकरा साच्यांवर. भिंगांनी बराच वेळ पाहिलं, काच पुसली, पुन्हा पाहिलं आणि संडास कुठे आहे असं विचारलं. त्यांना तिथे येऊन वीस वर्षं झाली आहेत. साच्यांवर सालं कोरलेली आहेत, आणि ती सगळी आजोबांची दृष्टी गेल्यानंतरची. तेव्हा मी भाषण केलं, की डोळे गेले तरी त्यांचे हात बघत होते. टाळ्या पडल्या. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी डोळे पुसले.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
भाजलेला पण विजयी भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण इथे आहे. टाळ्या थांबल्यावर बाईंनी आजोबांचा फोटो मागितला. मी ऐटीत दाखवला. खुर्चीत बसलेले, गुडघ्यांवर सुपाएवढे पंजे. बाईंनी एक साचा उचलून आपल्या मुठीत धरला, तो चपखल बसला. म्हणाल्या, "काका, कारागीर दांडी स्वतःच्या मुठीला लावून बघतो. ज्याने हे केले त्याची मूठ माझ्याएवढी होती." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटच्या साच्यावरचं साल तुझ्या लग्नाचं आहे. त्याआधीची पाच वर्षं तू आजोबांच्या दुकानात "बाबांना सोबत म्हणून" बसायचीस. आणि आजोबा काही लाल रिबीन बांधत नव्हते. मुलीने केलेला साचा कोणी घेतला नसता, म्हणून तुम्ही दोघं गप्प राहिलात ना? आत्या, मला आधी भाषणाची लाज वाटली, आणि मग इतका आनंद झाला की रस्ताभर एकटाच हसत आलो. तर एक कर. कोऱ्या कागदावर उजवा हात ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि कागद ताबडतोब पाठव. बाईंनी कार्डावर नावाची जागा गुरुवारपर्यंत कोरी ठेवली आहे.

ता. ता. क. "बाबांचंच नाव राहू दे" असं लिहून पाठवशील, म्हणून आधीच सांगतो, चालणार नाही. मला स्वतःला कागदाची गरज नाही. तुझ्या पंजाचं माप लहानपणी माझ्या पाठीवर पुष्कळदा उमटलं आहे. पण संग्रहालय माझी पाठ पुरावा म्हणून घेत नाही. मी विचारून पाहिलं.