शिट्टीबाईंशी हिशेब

३ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर शिस्तीत घ्यावा. नुसती आदळआपट करून हाती काही लागत नाही.

झालं असं. विद्यापीठाने नवी सेफ्टी ऑफिसर नेमली. वय माझ्या नोकरीपेक्षा थोडंसंच जास्त. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी तिला शिट्टीबाई म्हणतो. (अजून एकटाच म्हणतो. पसरेल हळूहळू.) आज मोठ्या सभागृहात तिचं प्रशिक्षण होतं. प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत झाडून सगळे हजर. पडद्यावर फोटो आला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला फ्रिज, त्यात ॲसिटोनच्या बाटल्या आणि बाटल्यांच्या मधोमध माझा जेवणाचा डबा. वर लाल अक्षरांत लिहिलेलं: असं कधीही करू नये.

तिने कुणाचं नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. डब्याच्या झाकणावर आमच्या मुलीने लहानपणी चिकटवलेलं पिवळं बदक आहे आणि त्या बदकाला अख्खं विद्यापीठ ओळखतं. काय हशा पिकला! विभागप्रमुखसुद्धा हसले. हा माणूस स्वतःच्या बढतीलाही हसला नव्हता.

मी रसायनशास्त्र विभागाचा प्रयोगशाळा सहायक; दुसऱ्या मजल्यावर माझ्याशिवाय पान हलत नाही. फ्रिजमधला बर्फ कोण काढतो? मीच. काढणारा तर मी, मग डबा काय कुलगुरूंचा ठेवायचा?

शपथ: वर्ष संपायच्या आत शिट्टीबाईची नोकरी घालवीन.

४ सप्टेंबर

काल रात्री बायकोला शपथ सांगितली. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणाली. मग उद्यापासून डबा कुठे ठेवणार, असं विचारलं. मूळ मुद्दा तिला कळलाच नाही.

डबा टेबलाखाली ठेवला होता. दुपारी उघडला तर भाजी आंबलेली. हेही शिट्टीबाईच्या खात्यात मांडलं.

६ सप्टेंबर

डोक्याने लढायचं ठरवलंय. सुरक्षेची नियमपुस्तिका घरी आणली. तिचेच नियम तिच्याच घशात घालायचे. चौथ्या पानापर्यंत वाचली आणि तिथेच घबाड सापडलं: प्रयोगशाळेत उघड्या चपला चालत नाहीत. बाईमाणूस, कधी ना कधी सँडल घालून येणारच. मोबाईलचा कॅमेरा तयार ठेवलाय.

७ सप्टेंबर

बूट.

१० सप्टेंबर

बूट.

११ सप्टेंबर

दुसरे बूट. शिवाय शिट्टीबाईने जवळ येऊन विचारलं, तुम्ही सारखे खाली बघता, मानेचा काही त्रास आहे का? मी नाही म्हणालो. मग तीही खाली बघायला लागली. माझ्या पायात चपला होत्या. लेखी समज मिळाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

१७ सप्टेंबर

आता गोष्ट जॅकेटवर आली आहे. प्रत्येक मजल्याला एक मजलाप्रमुख नेमायचा आहे. त्याला चकाकतं केशरी जॅकेट मिळणार. आग लागली की त्याने सगळ्यांना बाहेर काढायचं, मैदानात उभं करायचं, मोजायचं. त्याचा शब्द विभागप्रमुखांनीही मानायचा. म्हणजे जॅकेट ज्याचं, मजला त्याचा. दुसऱ्या मजल्याचं जॅकेट कुणाला, हा प्रश्नच नव्हता.

जॅकेट स्टोअरवाल्याला मिळालं.

स्टोअरवाला माझा मित्र. आमचा दोन्ही वेळचा चहा गेली कित्येक वर्षं एकत्र. जॅकेट घालून माझ्यासमोर गोल फिरला आणि कसं दिसतं असं विचारलं. छान दिसतं, म्हणालो.

जाब विचारायला गेलो. शिट्टीबाई म्हणाली की जॅकेट हवं तर आधी प्रशिक्षणाची परीक्षा द्या, प्रश्न सोपे आहेत. ज्याने हिच्या जन्माआधी ॲसिड हाताळलं त्याने हिची परीक्षा द्यायची! (जन्माआधी नसेल. पाळण्यात असेल ती.) आता नुसता सूड पुरे नाही. तिला घालवायची आणि जॅकेट परत आणायचं.

२५ सप्टेंबर

सुचलं. आमच्याकडे आणीबाणीचा शॉवर आहे. अंगावर ॲसिड सांडलं तर साखळी ओढायची, वरून पाणी पडतं. आजवर साखळी कुणी ओढलेली नाही. शुक्रवारी शिट्टीबाई कुलगुरूंना सगळ्या विभागांचे शॉवर चालवून दाखवणार आहे. छताजवळच्या पाइपला व्हॉल्व्ह आहे. तो आदल्या दिवशी फिरवून ठेवायचा, की बाई साखळी ओढतेय आणि वरून थेंब नाही. सगळ्यांदेखत नाचक्की.

२७ सप्टेंबर

फिरवला. गंजून घट्ट बसला होता. स्टुलावरून उतरताना कमरेत उसण भरली. तरी घरी येताना शीळ वाजवत आलो. बायकोने कमरेला शेक दिला आणि कारण विचारलं. उद्या कळेल, म्हणालो.

२८ सप्टेंबर

पाणी आलं. धो धो आलं.

मला काही कळेना. मग आठवलं. पूर्वी एकदा हा शॉवर माझ्या टेबलावर ठिबकत होता, तेव्हा तो व्हॉल्व्ह मीच बंद केला होता. तेव्हापासून बंदच होता. म्हणजे काल मी तो उघडला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

बाकी सगळ्या विभागांचे शॉवर कोरडे ठणठणीत. चालू फक्त आमचा. कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या. हा शॉवर ज्यांनी इतका नीट राखला त्यांचं कौतुक करायला हवं, असं शिट्टीबाई म्हणाली. मी एक पाऊल पुढे झालो, तोवर विभागप्रमुखांनी स्टोअरवाल्याची पाठ थोपटली. त्यानेही थोपटू दिली.

शॉवरखाली पाणी जायला मोरी नाही. सगळं पाणी माझ्या कपाटात गेलं.

५ ऑक्टोबर

आज परीक्षेचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी दिली. शिपायांनी दिली, विभागप्रमुखांनी दिली (दुसऱ्या प्रयत्नात सुटले). मी दिली नाही. बहिष्कार. तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ ऑक्टोबर

विभागप्रमुखांनी बोलावलं. ज्याची परीक्षा झालेली नाही त्याला प्रयोगशाळेच्या मजल्यावर मनाई. परीक्षा देईपर्यंत मी तळमजल्यावर जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात बसायचं. वर दिसलात तर गोदामातच कायमची बदली करीन, असंही म्हणाले. माणूस वाईट नाही, शिट्टीबाईने कान भरलेत.

गोदामात पंखा नाही. खिडकी आहे, पण तिच्यासमोर उत्तरपत्रिका.

१० ऑक्टोबर

मागच्या जिन्याची किल्ली अजून माझ्याकडेच आहे, हे कुणाच्या लक्षात नाही. रोज नाकावर टिच्चून वर जातो. वजनकाट्याच्या खोलीत बसतो, बाहेर फेरी मारतो. कुणी एका शब्दाने हटकत नाही. कालही नाही, आजही नाही. दरारा म्हणतात तो हा.

१५ ऑक्टोबर

आता सुटत नाही शिट्टीबाई. पुढच्या सोमवारी मॉक ड्रिल आहे, म्हणजे आगीचं नाटक. भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदानात जायचं. कुलगुरू येणार, अग्निशमन दलाचे साहेब येणार. एकही माणूस आत राहता कामा नये. राहिला तर बाईची व्यवस्था नापास आणि बाई घरी. तिची नेमणूक अजून कायम झालेली नाही, हे मी आस्थापना विभागात विचारून आलोय.

मी आत राहणार.

अडचणी दोन. एक, बदलीची धमकी. पण आगीत अडकलेल्या माणसाची बदली कोण करेल? लोक हार घालतील. दोन, परीक्षा न दिल्यामुळे मजल्याच्या यादीत माझं नाव नाही. असेना का! यादी काय करायची आहे? मैदानात मी दिसलो नाही की स्टोअरवाला आधी मलाच शोधणार. सगळा मजला शोधणार. माझ्याशिवाय पान हलत नाही, तर अख्खा विभाग कसा हलेल?

बायकोला एवढंच सांगितलं की सोमवारी मला उशीर होईल, कदाचित वर्तमानपत्रवालेही येतील. रॉकेल वगैरे काही करू नकोस, असं म्हणाली. माझ्याविषयी काय समज आहे या बाईचा!

२२ ऑक्टोबर, सोमवार. वजनकाट्याच्या खोलीतून.

भोंगा झाला. पावलं, आरडाओरडा. आता शांत. काट्याला वारा लागू नये म्हणून या खोलीतही पंखा नाही. मी शर्टाचं वरचं बटण काढलंय.

खिडकीच्या फटीतून मैदान दिसतं. स्टोअरवाला मोजतोय. केशरी रंग त्याला अजिबात शोभत नाही.

परत मोजतोय. सापडली चूक!

नाही. विभागप्रमुख बुटाची नाडी बांधायला वाकले होते.

शिट्टी वाजली. टाळ्या. ह्या टाळ्या कशाच्या?

थोड्या वेळाने. आता कुणीतरी मला शोधायला येईल. तोवर खिशातलं बिस्किट काट्यावर तोललं. दशांशापर्यंत वजन आलं. मग खाल्लं.

नंतर. लोक परत आले. बाहेरच्या टेबलावर चहा सुरू. दार ढकलून मी बाहेर आलो. केस विस्कटलेले, घामाने निथळतोय, तोंडावर भीती. स्टोअरवाल्याने जरा सरक म्हटलं आणि माझ्यामागचा साखरेचा डबा घेतला.

२३ ऑक्टोबर

विक्रम झाला म्हणे. एवढ्या कमी वेळात एवढी माणसं कुठल्याच विद्यापीठात बाहेर निघाली नव्हती. शिट्टीबाईला कायम करायची शिफारस गेली.

चहाच्या वेळी स्टोअरवाल्याला सहज विचारलं, काल कुणी राहिलं तर नव्हतं ना? छे, एकूणएक बाहेर होते, म्हणाला. नीट आठव, म्हणालो. त्याने नीट आठवलं. एकूणएक, म्हणाला.

बिस्किट दे म्हणाला. दिलं नाही.

२६ ऑक्टोबर

शिट्टीबाईच्या नावे निनावी पत्र टाकलं. डाव्या हाताने लिहिलं: ड्रिलच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर एक माणूस आत राहिला होता. चौकशी व्हावी. एक प्रत कुलगुरूंना. आता बघतोच कशी कायम होते.

३० ऑक्टोबर, मंगळवार

चौकशी झाली. सभागृहात अख्खा विभाग बोलावला होता. मलाही गोदामातून बोलावून घेतलं.

बाई पत्र हातात घेऊन उभ्या होत्या. तोंड पांढरंफटक. रात्रभर झोपल्या नसाव्यात. म्हणाल्या की हे खरं असेल तर माझ्या सगळ्या कामाला काही अर्थ नाही, एक माणूस राहिला म्हणजे सगळंच राहिलं, मी आजच राजीनामा देते. मी इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते हेच. नुसतं कुणीतरी म्हणायला हवं होतं की अरे, हा मैदानात नव्हता. मग बदली झाली असती तरी चाललं असतं.

स्टोअरवाल्याने यादी वाचली. सगळे बरोबर. बाई म्हणाल्या, यादी सोडा, यादीबाहेरचं कुणी होतं का, तुमच्या शेजारी कोण नव्हतं ते आठवा, घाई करू नका. सगळे आठवू लागले. विभागप्रमुखांनी डोळे मिटले. स्टोअरवाला छताकडे बघत बोटं मोजत होता. माझ्या शेजारीच बसला होता. त्याचं कोपर मला लागत होतं.

कुणालाच कुणी आठवलं नाही. कुणीतरी चावटपणा केला असणार, असं स्टोअरवाला म्हणाला, आमच्या मजल्यावरचा एक माणूस जरी नसता तरी मला लगेच कळलं असतं. बाईंनी डोळे पुसले. शेवटी म्हणाल्या, ज्यांच्या मते सगळे मैदानात होते त्यांनी हात वर करा.

सगळे हात वर गेले. स्टोअरवाल्याचा सगळ्यात आधी. मी थोडा वेळ थांबलो. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मग मीही हात वर केला.