कॅलेंडरच्या खिळ्याएवढी

६ जानेवारी १९८६, सोमवार

पाठ! पाठ! पाठ! जेवणाच्या सुट्टीत बाकावरून उठले आणि तशीच अर्धी वाकलेली राहिले. सरळच होता येईना. शेजारच्या बाकावरची मीरा धावत आली, दोन्ही खांदे धरून मला मागे खेचलं, तेव्हा कण्यात काहीतरी कटकन वाजलं आणि मी उभी राहिले. पोरी हसल्या. मीही हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं.

सीप्झमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात आमचं काम काय, तर दिवसभर भिंगाखाली बोर्ड धरायचा आणि केसाएवढ्या तारा डागायच्या. मान खाली, खांदे पुढे. सगळ्याच वाकतात, पण माझ्याइतकं कोणी नाही. मला सवयच आहे ना! शाळेपासून आई मागे लागलेली — "नले, वायच वाकान चल गो! ताडासारखी दिसतंस. नवरो खंय गावतलो तुका?" वाकले. इतकी वाकले की आता सरळ व्हायला मीरा लागते.

८ जानेवारी

दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, सवय वाईट आहे. त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या क्षमा मॅडमकडे पाठवलं. बाई बारीक चणीच्या, पण आवाज काय! "पाठ दुखते म्हणून पाठच चोळत बसू नका. तुमची छाती आखडलीय, ती पाठीला पुढे ओढतेय. आधी ती मोकळी करा."

मग शिकवलं. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापासून टेकवायचे, एक पाय पुढे, आणि छाती सावकाश पुढे जाऊ द्यायची. हनुवटी आत घ्यायची, वर नाही. गुडघ्यांवर ओणवं होऊन मांजरीसारखी पाठ वर न्यायची, खाली आणायची. आणि शेवटी भिंत. टाचा, कंबर, खांदे, डोकं — सगळं भिंतीला टेकवून उभं राहायचं, श्वास न रोखता. "ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. कळ आली की थांबा."

मी विचारलं, नाही केलं तर? "तर वर्षभरात हे काम सोडावं लागेल," म्हणाल्या. आणि पुढच्या बाईला हाक मारली. संपलं!

घरी मोकळी भिंत एकच, कॅलेंडरची. कॅलेंडर काढून ठेवलं आणि उभी राहिले. डोकं काही केल्या भिंतीला लागेना. लावलं तर कंबर सुटली. खिळा माझ्या डोक्यावर चांगला चार बोटं होता.

९ जानेवारी

दारात ताण देत उभी होते. आई ओरडली, "तिन्हीसांजेक उंबऱ्यात उभी रवतंस? लक्ष्मी येताली कशी?" तेवढ्यात शेजारच्या वनमालाकाकू आल्या वाटी घेऊन, साखर मागायला. मी हात काढेपर्यंत त्या बाहेरच. "काय गं, मला अडवतेस?" लक्ष्मीचं माहीत नाही, वनमालाकाकूंना मात्र थोपवता येतं!

त्याच बातमी घेऊन आल्या होत्या. बोरिवलीचं स्थळ रविवारी बघायला येणार. टेलिफोन खात्यात आहे. माझा फोटो आवडलाय म्हणे. आवडणारच. बसलेला फोटो आहे तो. आईने स्टुडिओवाल्याला दम दिला होता, "उभो फोटो काढू नुको."

१२ जानेवारी, रविवार

आले आणि गेले. आईने काय बेत आखला होता! चटयांवर बैठक. मी ट्रे घेऊन वाकून आले, पोहे वाकून दिले, सगळ्यांच्या पाया वाकून पडले आणि लगेच खाली बसले. निघताना पुन्हा पाया. सरळ उभं राहायला मला क्षणही मिळाला नाही. त्यांना माझं नाक दिसलं, केस दिसले, नोकरी कळली. उंची? तो विषयच नाही.

मुलगा चंद्रप्रकाश. त्याच्या एका मोज्याला भोक होतं, तो पाऊल दुसऱ्या पायाखाली दडवून बसला होता. ते पाहून मला हसू आलं आणि त्याने ते पाहिलं. मग म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचंय का मला?" आजवर आलेल्या एकानेही असं विचारलं नव्हतं. मला काही सुचलंच नाही. गाढव मी!

तो दारात चप्पल घालत होता तेव्हा बघितलं. माझ्या भुवईपर्यंत येतो. फार तर.

बाबा आज रंगात होते. पाहुण्यांना भिंतीवरचा आपला लग्नाचा फोटो दाखवला. त्या काळातले सगळे फोटो पाहा — नवरा खुर्चीत ऐटीत आणि बायको मागे उभी. आमच्याकडे उलटं. आई खुर्चीत, बाबा उभे. "बायकोक खुर्ची दिली हां मिया! आमच्या गावात कोणी दिली नव्हती!" हे आम्ही जन्मापासून ऐकतोय. आई नेहमीसारखी खाली बघून कप गोळा करत होती. तिची पाठ अगदी कमानीसारखी. चुलीपुढे आणि मोरीत वाकून झाली, म्हणते.

१५ जानेवारी

होकार! काकू तिळगूळ आणि होकार एकदमच घेऊन आल्या. साखरपुडा तेवीस फेब्रुवारीला. मला आवडलाय तो. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय!

पण माझी खरी उंची त्यांना अजून ठाऊक नाही.

२१ जानेवारी

मीराला सगळं सांगितलं. ती बोर्डावरून मानही न उचलता म्हणाली, "लग्नात हार घालायला त्याला स्टूल देणार का?" मग जरा वेळाने, "मान खाली घालून चालायचं आमच्या आजोबांनी सोडलं, नलू. गाव सोडलं, धर्म सोडला, तेव्हा कुठे सुटलं. आणि तू फुकटात धरून बसलीस होय?" एवढं बोलून ती पुन्हा तारा डागायला लागली.

आज छाती मोकळी वाटली. चौकटीत ताण देताना पहिल्यांदा खांदे मागे गेले, ढकलावे लागले नाहीत.

२७ जानेवारी

डोकं टेकलं!! टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं एकदम. आणि डोक्यामागे काहीतरी टोचलं. खिळा! माझं डोकं खिळ्याला लागलं! मी एवढी आहे? इतकी वर्षं ही चार बोटं कुठे होती? आरशासमोर गेले तर आरशात माझं कपाळच मावेना. खूप आनंद झाला. नाचावंसं वाटलं.

मग चंद्रप्रकाशची भुवई आठवली. म्हणजे माझी भुवई. आता तिथवरही यायचा नाही तो.

जेवण गेलं नाही. बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. बाबा म्हणाले, मुंग्या चावतायत काय?

२ फेब्रुवारी

आईला कळलंच. दोरीवर कपडे वाळत घालत होते, काठी न घेता. ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "नले, ह्यो व्यायाम आता रवांदे. लगीन होवंदे, मग काय ता ताण." मी म्हटलं, आणि लग्नानंतर कोणासमोर सरळ होऊ? त्यांच्यासमोर? ती म्हणाली, "होवचा कित्याक? रवायचा तसाच. जमता." मी चिडले. म्हटलं, तुला काय जातंय सांगायला! पाठ माझी दुखतेय!

तिने रिकामी बादली उचलली. कमरेवर हात ठेवून मोरीकडे गेली. मला वाईट वाटलं. पण राग गेला नाही.

६ फेब्रुवारी

व्यायाम बंद केला. आईसाठी. नाही, खोटं कशाला लिहू — त्याच्यासाठी. त्याला गमवायचं नाही मला.

आज पाठ पुन्हा धरली. तार जागेवर बसेना आणि माझे बोर्ड परत आले. सुपरवायझर राजाराम सर समोर ठेवून म्हणाले, "नलिनी, काय चाललंय? तुझं काम असं नसतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. इकडे वाकले तर नोकरी जाते, तिकडे सरळ झाले तर नवरा जातो. वाट लागली!

८ फेब्रुवारी

उद्या चंद्रप्रकाश आरे कॉलनीत भेटणार आहे. बागेत. दोन्ही घरांची परवानगी, सोबत कोणी नाही! आईने बजावलं, "बाकावरच बसा. हिंडू नुको."

बसणार नाही.

चौकटीत उभी राहिले, तिन्हीसांजेलाच. आई बघत होती. लक्ष्मीचं नाव काढलं नाही तिने.

९ फेब्रुवारी, रविवार

तो बसस्टॉपवर आधीच आला होता. मी बसमधून उतरले, खांदे मागे, हनुवटी आत, आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. क्षमा मॅडमचं श्वासाचं सांगणं पार विसरले. त्याने वर बघितलं. हो, वर! मग म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही अशा नव्हतात."

"होते. वाकले होते."

मग चालत राहिलो. रस्त्याच्या कडेच्या तबेल्यांचा वास, मधूनच म्हशीचं हंबरणं, आणि आम्ही दोघं मुके. मला वाटलं, संपलं. मग बागेच्या फाटकापाशी थांबला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी पाऊल दडवलं होतं ना? मोजा फाटका होता."

"बघितलं होतं."

"ठाऊक आहे. हसलात तुम्ही." मग तोच हसला. "तुम्ही किती काय काय दडवलं होतं!" शेंगदाणे घेतले त्याने. बसतानाही मी ताठ बसले. निघताना म्हणाला, "माझं काही नाही. मला चालेल. फक्त आईला सांगतो."

आईला सांगतो! झकास! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काय खोटं?

१३ फेब्रुवारी

निरोप नाही. वनमालाकाकू दिसल्या की आधी त्यांचा चेहरा बघते. व्यायाम मात्र सोडलेला नाही. आता सोडून काय मिळवणार?

१६ फेब्रुवारी, रविवार

त्याची आई आली. सुगंधाबाई. मुलाला न आणता, काकूंना घेऊन. मी दार उघडलं आणि वाकले नाही. नमस्कार केला, पुन्हा उभी राहिले. त्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. बराच वेळ लागला त्यांना वर पोचायला.

पण बाई वाईट नाही. चहा घेतला, माझ्या पाठीची चौकशी केली. मग आईला म्हणाल्या, "मुलगा हट्टाला पेटलाय, हीच हवी. आमची काही ना नाही. फक्त एक करा. साखरपुड्याच्या फोटोत मुलीला खुर्चीत बसवू, चंद्रू शेजारी उभा राहील. लग्नातही तसंच. भावकीत बोलायला जागा नको. आणि एरवी चारचौघांत तिने जरा सांभाळून..." त्यांनी खांदे किंचित पुढे घेऊन दाखवले. मग भिंतीकडे बोट केलं, "तुमच्या फोटोत आहे ना, तसं. किती छान दिसतं!"

बाबा खूश. "बघा! मिया तेव्हाच—"

आईच्या हातातला कप बशीवर जोरात आदळला. "कळवतंव," एवढंच म्हणाली. त्या गेल्यावर मी आईला विचारलं, काय कळवणार? ती फोटोसमोर उभी होती, मान वर करून. फोटोवरची धूळ बघत असावी.

१७ फेब्रुवारी

सकाळी जाग आली तर कॅलेंडर खाली काढून ठेवलेलं आणि भिंतीला आई उभी. टाचा, कंबर, खांदे. दात आवळलेले. डोकं टेकत नव्हतं. मी उठून तिच्या हनुवटीला बोट लावलं आणि आत घेतली. "कळ आली तर थांब," म्हटलं. ती थांबली नाही. हळूहळू डोकं मागे गेलं, टेकलं.

खिळा दिसेना. तिच्या डोक्याआड गेला होता.

बाबा चहाचा कप घेऊन समोर आले. तिच्या खांद्याला लागत होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. खुर्चीबद्दल बाबा काही बोलले नाहीत.

आई भिंतीवरून न हलताच म्हणाली, "नले, बोरिवलेक निरोप धाड. खुर्ची नुको म्हणान सांग."