पाळीवरून उतरलेली गाडी

बाबूजी, आज सकाळी मी तुमच्या नातवाच्या जीपखाली शिरले होते. साठी उलटलेली बाई अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली आडवी, आणि बाहेर सून हात जोडून म्हणते आहे, "आई, मेकॅनिक येतोच आहे, निघा ना बाहेर." मी कशाची निघते! मागच्या चाकाजवळ ओल दिसली, बोट लावून नाकाशी नेलं, आणि त्या तेलाच्या वासासरशी मी एकदम अठरा वर्षांची झाले. ब्रेकची नळी गंजून फुटली आहे, हे मी मेकॅनिक यायच्या आधीच सांगून टाकलं. तो आला, त्याने पाहिलं, आणि तेच म्हणाला. तेव्हापासून माझा पाय काही जमिनीवर ठरेना. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून माझं पोट भरलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या सालची दिवाळी आठवते ना? लढाईच्या काळात तुम्ही फौजेच्या वर्कशॉपात काम केलं होतं आणि येताना वेड घेऊन आला होतात मोटारींचं. फौजेने लिलावात काढलेली ती म्हातारी पिकअप तुमची दुसरी बायकोच होती, माय तिला सवतच म्हणायची. दिवाळीनंतर दरेकशाच्या बाजूच्या एका गावी मंडईची जत्रा भरायची होती, आणि आपल्या गावची दंडार, म्हणजे सोंगं-नाचगाण्याची अख्खी मंडळी, तिथे आपल्या गाडीतून न्यायचा शब्द तुम्ही साऱ्या गावाला दिला होता. मंडईला पाच दिवस उरले असताना आपण दोघं तिकडून बांबू भरून परत येतो आहोत. घाट उतरून सपाटीला लागलो आणि समोर गुरं आली. तुम्ही ब्रेकवर पाय दिला तर पॅडल सरळ तळाला! "बाई, घट्ट धर," एवढंच म्हणालात आणि गाडी रस्त्याखाली, कुणाच्या तरी उभ्या धानाच्या बांधीत घातलीत. चिखलाने आपल्याला थांबवलं. बांधीचा मालक विळा घेऊन धावत आला, आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काऊन जी, रस्ता लहान पडला का तुमाले?"

बैल जुंपून गाडी घरी आणली. खाली शिरून पाहतो तर मागच्या चाकांच्या धुरीच्या वर नळी चिरलेली, आणि नेमकी तिथेच, जिथे तुम्ही तिला तणसाची दोरी बांधली होती. नळी लोखंडावर आपटून खडखडते म्हणून पावसाळ्याआधी तुम्हीच तिला धानाच्या तणसाचे चार वेढे दिले होते. बैलबंडीचं काही खडखडलं की आपल्याकडे जे करतात तेच तुम्ही मोटारीला केलंत. पावसाळाभर ती दोरी पाणी पिऊन नळीला चिकटून बसली आणि आतलं लोखंड बिस्किटासारखं झालं. तुम्ही ती कुजकी दोरी हातात उलटसुलट करून पाहिलीत. मला वाटलं आता भडकाल. आणि तुम्ही तर पोट धरून हसायला लागलात! "फौजेतल्या साहेबानं पाह्यलं असतं त मले झाडालेच टांगलं असतं," म्हणालात, "धानवाल्याची अक्कल धानातच राह्यते."

पण हसून झाल्यावर तुमचा चेहरा उतरला. जवळचं तुम्हाला नीट दिसेनासं झालं होतं, आणि नळीचं तोंड बांधणं हे बारीक नजरेचं काम. मी वर्षभर खळ्यात गोल गोल गाडी चालवत होते, पण रस्त्यावर तुम्ही कधी देत नव्हतात. आणि तुमच्या वर्कशॉपचा नियम मला पाठ होता: ब्रेकचा जोड ज्याने केला, पहिला उतार त्यानेच उतरायचा. माझं काळीज नुसतं उड्या मारायला लागलं. "बाबूजी, मी करू?" असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहिलंत.

"करशील त उतरा लागन."

"उतरीन."

चुलीपाशी बसलेल्या मायने तिथूनच आवाज चढवला. "मंडईत सोयरे येऊन राहिले तिले पाहाले. असे काळे हात घेऊन जाईन का पोरगी?"

"काळे हात पाहून जो पळन," तुम्ही म्हणालात, "थो कायले पाहिजे आपल्याले?" त्या क्षणी तुम्ही मला जेवढे आवडलात, तेवढे कधीच आवडला नव्हतात.

तुम्ही गोंदियाहून नळी, दोन नट आणि ब्रेक तेलाचा डबा घेऊन आलात. नळी मोजून लागेल तेवढी आणि वर तीन बोटं. पितळी लोट्याभोवती हळूहळू वळवून मी तिला बाक दिला, म्हणजे कुठे मुडपणार नाही. मग पत्र्याच्या पेटीतलं तुमचं दुभंगी लोखंडी पट्ट्यांचं अवजार काढलं. त्यात नळी आवळायची, आधी तिची कड आत दुमडायची आणि मग वरून टोकदार स्क्रू फिरवत ते तोंड फुलवायचं. फुललं! आणि दुसरं टोक तर असं सुरेख फुललं की मी ओरडलेच. तुम्ही अंगठा फिरवून पाहिलंत, मान डोलावलीत आणि शांतपणे विचारलंत, "नट कुठी आहे?" त्या टोकाचा नट माझ्या मुठीत होता. तो आधी नळीवर चढवायचा असतो, दोन्ही तोंडं फुलल्यावर तो काही जात नाही. "आता का वरून घालशील? बांगडी आहे का थे?" तुम्ही असे कडाडलात की दारातली कोंबडी पळाली. मला रडू आलं, पण करवत तुम्ही माझ्याच हातात दिलीत. दोन बोटं नळी कापून टाकली. आता चुकले असते तर नळी पुरली नसती आणि दंडार घरीच बसली असती. या वेळी मी नट आधी चढवला, दोनदा तुम्हाला दाखवला, आणि मगच स्क्रूला हात घातला.

जोड बसला. आता नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक चाकाशी, एक पॅडलवर. चाकाशी मी बाटली धरून, तुम्ही मधे हुकूम सोडायला, आणि पॅडलवर कोण? माय! लुगड्याचा काष्टा सावरत ती सवतीच्या मांडीवर बसली आणि ढेकीवर धान कांडावं तशी धडाधड पाय मारायला लागली. बाटलीत नुसता फेस. "अवं, हे ढेकी नोहे! दाब, अन् धरून ठेव!" "मंग आधी सांगा लागते ना!" त्यानंतर मात्र लय जमली. दाब. दाबलं. धर. धरलं. सोड. बुडबुडे कमी होत गेले, आणि एकदाची अखंड तेलाची धार आली. माय वरून ओरडली, "दगडावानी झालं जी पॅडल!" तिचा चेहरा मला खालून दिसत नव्हता, पण आवाजात आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, गाडी चढवली. पाळीवरून खाली जाणारी बंडीची वाट चांगलीच उतरती. खाली तुम्ही चुन्याची रेघ मारलीत. "हातब्रेकले हात नाही लावायचा," तुम्ही बजावलंत. हातब्रेकची तार वेगळी, तो ओढला तर माझ्या जोडाची परीक्षा झालीच नसती. "पायानंच रोकजो." एवढं बोलून तुम्ही खाली गेलात, आणि रेघेच्या पलीकडे वाटेच्या मधोमध, हात मागे बांधून उभे राहिलात. सारं गाव गोळा झालेलं. माय किंचाळली, "अजी, बाजूले व्हा ना!" तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्या पोरीनं बांधला आहे ब्रेक," म्हणालात. मी गिअर सोडते, गाडी पाळीवरून सुटते, वारा कानात भरतो, तुम्ही मोठे मोठे होत जाता, आणि गाडी थांबते. रेघेच्या हातभर अलीकडे! दंडारवाल्यांनी ढोलकीच वाजवायला सुरुवात केली. तुम्ही खाली वाकून माझा जोड चाचपलात, कोरडं बोट उंच करून सगळ्यांना दाखवलंत आणि म्हणालात, "पास!"

मंडईच्या दिवशी हौद्यात तीस माणसं, ढोलक्या, रंगवलेली तोंडं, आणि पुढे तुम्ही, मी आणि माय. घाटाच्या पहिल्या उतारावर तुम्ही पाय दाबलात आणि गाडी लोण्यासारखी हळू झाली, तोवर मी श्वास घेतला नव्हता. येताना सपाटीवर तुम्ही चाक माझ्या हाती दिलंत. मंडईत पाहायला आलेल्या सोयऱ्यांना तुम्ही आधी माझा जोड दाखवलात आणि मग मला. त्यातलाच एक पुढे माझा नवरा झाला, हेही तुम्हाला मोठं वाटायचं. मरेपर्यंत भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, माझ्या पोरीने पाळीवरून गाडी आणली आणि नुसत्या पायाने थांबवली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर घालणार? घडी करून साड्यांखाली ठेवीन. तुम्ही जिवंत असतानाही सांगायला खूप दिवस होते, पण तुमचा तो आनंद पाहिला की जीभ उचलेना. बाबूजी, पाळीवरून येताना मी पाय दाबला, तेव्हाच माझा डावा हात हातब्रेकवर गेला होता, आणि मी तो जीव खाऊन ओढला होता. जोडावर माझा भरवसा होता. पण समोर तुम्ही उभे होतात.