तुमच्या जपान्याला काढलं

परतूरच्या बाजारात सायकल विसरून पायी घरी आलेले तुम्ही, अन् वर मलाच विचारलं होतं, "सायकल कुठं ठेवलीस?" तर मागं एक बायको ठेवली, हे तरी तिकडं ध्यानात आहे का? अक्षर माझं न्हाई, शेजारच्या सुनेचं आहे. मी सांगते, ती लिहिते, अन् मधूनच पदर तोंडाला लावून हसते.

खबर तुमच्या जपान्याची आहे. घरात नवा टीव्ही आल्ता तेव्हा फुटबॉलच्या मॅचमध्ये दिसलेला तो बुटका गडी. तुम्ही म्हणलात, "हा दिवसा कारखान्यात काम करतो अन् संध्याकाळी कारखान्याच्याच टीममध्ये खेळतो." मी म्हणले, "मंग झोपतो कधी?" सगळे हसले, तुम्ही न्हाई. तुम्ही टीव्हीला नाक लावून बसल्तात. "बघ, हा बॉलकडं कमी अन् सोबत्यांच्या पायांकडं जास्त बघून राह्यला. खेळणं सुटलं की हा मास्तर होणार." स्वतः शाळेत कवायतीचे मास्तर, म्हणून तुम्हाला सगळीकडं मास्तरच दिसायचे. नातू तेव्हा तुमच्या मांडीवर होता. पुढं त्या जपान्याला नुसतं खेळायचाच पगार मिळायला लागला, तो टीमचा कप्तान झाला, तेवढं पेपरात वाचून तुम्ही मला ऐकवलं. मंग तुम्ही गेलात, अन् पेपर यायचा बंद झाला.

नातू पुण्याला नोकरीला लागला. दर रविवारी फोन करतो. "जेवलीस का? गोळी घेतली का?" एवढं झालं की दोघंबी गप. एकदा मी विचारलं, "तुझ्या आजोबाचा जपानी काय म्हणतो रे?" अन् पोराचा आवाजच मोकळा झाला. कंप्युटरवर बघून सांगायला लागला. जपान्याचा गुडघा गेला. खेळणं सुटलं. एका लहानशा टीमचा मास्तर झाला. त्या दिवशी मी गल्लीत साखर वाटली, तुमचा शब्द खरा झाला म्हणून. कशाची साखर, हे कुणाला धड सांगता आलं न्हाई ते सोडा.

मागल्या पितरपाटात तुमच्या नावानं जेवायला शाळेतले तुमच्या जागेवरचे नवे मास्तर आल्ते. मी तोऱ्यात म्हणले, "आमच्या गुरुजींचा जपानी औंदा सगळ्यांच्या म्होरं आहे, नातू सांगतो." त्यांचा घास हातातच राह्यला. "काकू, त्याला तर कधीच काढलं. टीम हरायला लागली म्हणून. आता घरीच असतो तो." मी त्यांना कढी वाढली.

पुढच्या रविवारी नातू म्हणतो, "आजी, जिंकला!" मी म्हणले, "वा! खेळणाऱ्यांना काय खाऊ घातलं म्हणे त्यानं?" "धपाटे," म्हणला अन् खळखळून हसला. तेव्हा बसल्या बसल्या जुनं आठवायला लागलं. याची नोकरी पक्की झाली त्या हप्त्यात जपानी जिंकल्ता. याच्या खोलीवाल्यानं सामान बाहेर काढलं तेव्हा जपान्याच्या मैदानात पाणी शिरल्तं. तवापासून मी जपान्याची खबर वेगळ्या कानानं ऐकते. पोराला बोलले न्हाई.

काल रविवार होता. म्हणला, "आजी, जपान्याला काढलं."

"कुणी रे?"

"मालकानं. उद्यापासून येऊ नको म्हणला."

"घरी सांगितलं का त्यानं?"

"न्हाई. कसं सांगणार?"

"मंग जेवतो तरी का?"

फोनात गाड्यांचा आवाज येत होता. म्हणला, "जेवत असंल."

तुम्हाला हसनाबादची मॅच आठवते? तुमच्या शाळेची पोरं हरून आपल्या चुलीपुढं ओळीनं बसल्ती. बॉल ज्याच्या पायांमधून गेल्ता तो दाराशी, खाली मान घालून. मी पहिलं ताट गोल करणाऱ्याला दिलं. तुम्ही सगळ्यांदेखत ते उचललं, दाराशी नेऊन ठेवलं अन् मला म्हणलात, "गोल करणाऱ्याला गाव वाढतं. याला आपण वाढायचं." मला लई राग आल्ता. रात्रभर बोलले न्हाई तुमच्याशी. तवापासून माझ्या घरात हरलेल्याचं ताट पहिलं.

हे टाकायला पेटी न्हाई, तुमच्या गावाला टपाल जात न्हाई. तुमच्या फोटोमागं खोचून ठेवीन. एक मात्र सांगून टाकते. त्या बॉलमधलं मला बिलकुल काही कळत न्हाई, तेव्हाबी कळलं न्हाई. तेव्हा तुमच्याजवळ बसायला मिळायचं, अन् आता पोराचं बोलणं दोन घटका लांबतं, म्हणून जपानी.

हे लिहिणाऱ्या सुनेचा नवरा उद्या पुण्याला निघालाय, त्याच्याजवळ पोराचा डबा देते. लिही गं बाई, त्याला वाचून दाखव: धपाटे ज्वारीचे, तीळ लावलेले, लसूण जास्त. शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात. दही न्हाई, वाटेत आंबतं. अन् पोराला निरोप दे, डबा उघडला की पहिला धपाटा जपान्याला वाढ म्हणावं.