तळघरातला टकल्या

लातूर, मंगळवार

चि. प्रीतम यास शिवप्रसाद मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी खुशाली आहे, तुझ्या मामीचे गुडघे सोडून. अक्काची तबियत कशी आहे? तिला म्हणावं, नांदेडच्या उन्हात भाजीला स्वतः जाऊ नको, पोरांपैकी कुणालातरी पाठव. तुझ्या कॉलेजच्या परीक्षा संपत आल्या असतील (तुझी परीक्षा इकडे आम्ही देऊन राहिलो, ती कधी संपेल ठाऊक नाही). हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि भलतंच काही करत असतोस. शिवाय हा मामला पहिल्यापासून लिहून काढल्याशिवाय मलाच समजायचा नाही.

तर शिरूर अनंतपाळचं स्थळ हातचं गेल्यात जमा आहे. घाबरू नको. म्हणजे घाबर, पण शेवटपर्यंत वाच.

परवाच्या रविवारी उमाशंकरराव, त्यांची मुलगी आरती आणि त्यांची थोरली बहीण दानम्मा आत्या असे तिघं आपल्याकडे आले. तुला परीक्षेमुळे सुट्टी नव्हती आणि तूच म्हणाला होतास की मामा, आधी माझं काम बघू द्या त्यांना, मी केलेल्या वेबसिरीजचा चौथा भाग, तळघरातला प्रसंग. म्हणजे मुलगा पाहण्याचा कार्यक्रम टीव्हीवर. आपल्या घराण्यात हे पहिल्यांदाच, पण म्हटलं जमाना बदलला. मामीनं चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा केला. पाहुण्यांना सतरंजीवर टीव्हीच्या पुढ्यात बसवलं, आरती मामीबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि मी मागे खुर्चीत, ट्यूबलाइटखाली. (पाहुण्यांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून पुढची ट्यूब बंद केली होती. एवढं मला कळतं.)

चौथा भाग लागला. प्रीतम, बाबा, मी अंधार पुष्कळ पाहिलाय, लातुरात लाईट कितीदा जाते तुला माहीत आहे. पण दरमहा पैसे भरून घरात आणलेला असा अंधार पाहिला नव्हता. भिंत काळी, माणसांचे कपडे काळे, आणि दोन्हींच्या मधे जे काही होतं तेही काळंच. माणसं बोलत होती पण त्यांना तोंडं नव्हती. एक विडी तेवढी पेटायची आणि विझायची. विडीवाला तू नसावास अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करून राहिलो.

तेवढ्यात दानम्मा आत्यांनी बोट केलं. "ह्यो बघा, ह्यो बसलाय की!" आणि खरंच, अंधारात एका बाजूला एक जण खुर्चीत बसलेला दिसला. टक्कल, बऱ्यापैकी पोट. तळघरात एवढी मारामारी चाललेली आणि हा आपला निवांत बशीत ओतून चहा पितोय! मलाही तो तोंडओळखीचा वाटला, म्हटलं कुणीतरी जुना नट असेल. आत्या म्हणाल्या, "बसतो झकास. पर केस कुठं गेले ह्याचे?" उमाशंकररावांनी खिशातून तुझा फोटो काढला, फोटो बघितला, टीव्ही बघितला, आणि फोटोची घडी घालून परत खिशात ठेवला. (फोटोची घडी! मला तिथंच कळायला पाहिजे होतं.)

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. पोराचा लई जुना फोटो देऊन तुम्ही आम्हाला फसवलं, म्हणाले. मी म्हटलं, अहो, त्याचे केस बोटांत मावत नाहीत, पाहिजे तर व्हिडिओ कॉल करा. तर म्हणतात, फोनमध्ये आजकाल काय बी लावून देतात, केस काय अन् मिशा काय. आता रविवारी अहमदपूरचं स्थळ बघायला जाणार म्हणाले. लई वाईट वाटलं रे. आपल्या मिलमधून कधी खडा घातलेली डाळ बाहेर गेली नाही, आणि मी खोटा भाचा खपवीन?

मग मी हट्टालाच पेटलो. दोष तुझा नाही, टीव्हीला लावून नेटवरचं दाखवणाऱ्या त्या डबीचा आहे, हे सिद्ध करायचं ठरवलं. गंजगोलाई बाजारातल्या टीव्हीच्या दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, काका, स्वस्तातल्या डबीची खरी पारख अंधारातच होते, काळ्यातला काळा वेगळा दिसला पाहिजे. मग त्यानं टीव्हीत 'ब्लॅक लेव्हल' नावाचं काहीतरी काढलं. त्यात लो आणि हाय. मी विचारलं, लो म्हणजे काळं कमी, की काळ्याची पातळी खाली, म्हणजे काळं जास्त? दोन वेगळ्या डब्या ठेवून तो निघून गेला.

आधी घरची डबी पुन्हा लावली. टकल्या हजर. मग दुपारी, दुकानदारानं बजावल्याप्रमाणे खिडकीवर गोधडी टाकून, सगळे दिवे घालवून दुसरी डबी लावली. तळघर राखेनं घासलेल्या तव्यासारखं करडं झालं, भिंतीवर एकात एक गोल उमटले, पण टकल्या गायब! मी खुर्चीतून उठलोच. ही डबी टकले गाळते! आनंदाच्या भरात शेजारच्या शेषेरावांना (निवृत्त मुख्याध्यापक, त्यांच्याही डोक्याचं मैदान झालंय) संध्याकाळी साक्षीदार म्हणून बोलावलं, ट्यूब लावली, त्यांना शेजारी खुर्ची दिली, तीच डबी सुरू केली. तर टकल्या परत आला, आणि येताना दुसऱ्या टकल्याला घेऊन आला. शेषेराव म्हणाले, कथानक पुढं सरकलं असेल. तिसऱ्या डबीत सगळा अंधार बाथरूमच्या फरशीसारखा चौकोनी चौकोनी झाला, पण हे दोघं जागचे हलले नाहीत. मला तो नवीन जरा आगाऊ वाटला. शेषेरावांना आधीचाच आवडला नाही.

आणि तू? तू अजून कुठल्याच डबीत सापडला नाहीस. माझं डोकं बधिर झालंय. तरी उलट टपाली कळव की त्या तळघरात तू नक्की कोणता, आणि हे टकले कोण, आणि ते चहा कामून पितात?

अक्काला नमस्कार.

तुझा,
शिवप्रसाद मामा

ता. क. हे पत्र मामीनं वाचलं. तिनं टीव्ही बंद केला, ट्यूब लावली आणि मला खुर्चीत बसवलं. बंद पडद्यात टकल्या बसलेला. मी हात वर केला. त्यानंही केला. मामी म्हणाली, "ज्याला मी एका नजरेत हो म्हटलं होतं, त्याला पाहुण्यांनी एका बैठकीत नापास केलं."

ता. क. दुसरा. आता उमाशंकररावांना खरं कसं सांगायचं? एवढ्या मोठ्या माणसांनी तासभर बसून पोराच्या मामाला नापसंत केलं, हे त्यांच्या तोंडावर बोलवत नाही. म्हणून फोन करून सांगितलं की तो प्रीतम नव्हे, तो दुसराच नट, आणि त्याला सिरीजमधून काढून टाकलंय. ते म्हणाले, "बेस झालं. काय बी येत नव्हतं त्याला." पण अहमदपूरचं काय, ते बोलले नाहीत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आरतीचा मामीला फोन आला. तिनं म्हणे त्याच दिवशी ओळखलं होतं, कारण पडद्यावरच्या बशीवरची फुलं आणि मामीच्या ट्रेमधल्या बशांवरची फुलं एकच होती. पण आत्या आणि वडील इतके मन लावून बघत होते की तिचं तोंडच उघडेना, आणि उघडलं असतं तर हसूच आलं असतं. घरी जाऊन तिनं चादर डोक्यावर घेऊन फोनवर तोच भाग बघितला. म्हणाली, तळघरातले सगळे मधल्या एका पेटीकडे बघतात आणि एकच जण सारखा कॅमेऱ्याकडे बघतो, तोच फोटोतला. अहमदपूरचं जाणं तिनं थांबवलंय. वडलांना सांगितलं, अंधारात बघून नाही म्हणू नका, एकदा उन्हात बघू. प्रीतम, पोरगी सोडू नको. रविवारी दुपारी बाराला भर उन्हात आपल्या अंगणात येऊन उभा राहा, आणि डोक्यावर टोपी घालून येऊ नको.