विमानं जमिनीवरच आहेत

तीर्थरूप साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. एरवी आपण साध्या नमस्कारावर भागवतो, पण साष्टांगात तोंड जमिनीकडे असतं आणि सध्या मला तीच जागा सोयीची आहे. गुडघा कसा आहे? वाकतो का? ताईंना (म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीला, तिचंच ऐकून मी हे पत्र लिहितोय असं कृपया समजू नका) माझा नमस्कार सांगा. फोन का नाही केला, असं विचाराल. फोनवर तोंड दाखवावं लागत नाही हे खरं, पण तुमचा आवाज ऐकावा लागतो, आणि तो ऐकला की माझ्या तोंडून खोटंच बाहेर पडतं, हे आता सिद्ध झालंय.

ऑपरेशनला जाताना तुम्ही कॉम्प्युटरवरची तुमची लढाई माझ्या हवाली केलीत. चार वर्षं तुम्ही त्या ‘घुबड’ नावाने खेळणाऱ्या माणसाशी रोज एकेक चाल करत लढताय, ना तुम्ही त्याला पाहिलंय ना त्याने तुम्हाला. मी बिस्किटांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं सांभाळतो, तेव्हा रसद म्हणजे काय हे मला कळत असणार, असा तुमचा समज. (माझाही होता.) तुमचा हुकूम अगदी सोपा होता: रणगाडे नदीकाठी थांबव, मागची रेल्वे दुरुस्त होऊ दे, विमानांना हात लावू नकोस, आणि रोज ‘चाल संपली’ हे बटण दाब. एवढंच. आमच्या कारखान्यातलं मांजरसुद्धा बटणावर बसून हे करू शकलं असतं, आणि आज वाटतं, त्यालाच सांगायला हवं होतं.

पण नकाशावर नदीपलीकडचं शहर रिकामं दिसलं. अहो, रिकामं! मनात आलं, तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा उशाशी एक शहर ठेवावं. लोक फळं नेतात, आपण शहर न्यावं. सोडले रणगाडे. पहिल्या चालीला दौडत गेले, दुसऱ्या चालीला चालत गेले, तिसऱ्या चालीला शहर समोर दिसतंय आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. रेल्वे अजून नदीच्या अलीकडेच, रस्त्यात चिखल, ट्रक रुतलेले. मग मला विमानं आठवली.

इथे मी शरमेने पेन खाली ठेवलं होतं, आता पुन्हा उचललंय. सगळी मालवाहू विमानं पेट्रोलची पिंपं भरून पुढच्या धावपट्टीवर पाठवली. ती उतरली. परत यायला त्यांना पेट्रोल हवं, ते त्यांनी त्याच पिंपांतून घेतलं. त्यांना एकटं कसं पाठवायचं म्हणून सोबत लढाऊ विमानं दिली होती, तीही तहानलेलीच, तीही तिथेच प्यायली. थोडक्यात, लग्नाला आहेर घेऊन निघालेल्या पाहुण्यांनी आहेर वाटेतच खाऊन टाकावा, तसं झालं. मी हट्टाने आणखी विमानं पाठवली. शेवटी जाणारी पोचली आणि येणारी निघेनात. पंखाला पंख लावून सगळं हवाई दल त्या धावपट्टीवर उभं, आणि घुबडाची बॉम्बफेकी विमानं सावकाश, बागेत फिरायला आल्यासारखी आली.

दरम्यान कारखान्यात वेगळीच शोभा. जेवणाच्या सुट्टीत डोक्यात हेच, आणि दाढीवाल्या ड्रायव्हरला मी सांगून बसलो, “दोन विमानं भरून उत्तरेला काढ.” तो शांतपणे म्हणाला, “साहेब, माझं लायसन ट्रकचं आहे.” गोदामातली माणसं अजून मला बघून हात पसरून घिरट्या घालतात.

आणि रोज संध्याकाळी तुमचा फोन. “काय म्हणतंय आपलं सैन्य?” मी म्हणायचो, “विश्रांती घेतंय.” (पेट्रोल नसलेलं सैन्य दुसरं काय घेणार?) “विमानं उडवली नाहीस ना?” “छे छे, जमिनीवरच आहेत.” साडूभाऊ, यात अक्षरही खोटं नव्हतं. फक्त ती तुकड्यांत होती. त्यावर तुम्ही म्हणालात, “शाब्बास, तुझ्या जिवावर निवांत झोप लागते रे.” त्या वाक्यानंतर मला मात्र जेवण गेलं नाही. ही विचारत राहिली, भाजीत काय कमी आहे. भाजीत काही कमी नव्हतं.

परवा घुबडाचा निरोप आला. वाटलं, शरण या म्हणून असणार. पण त्याने लिहिलं होतं, “एक विचारू? तुम्ही बरे आहात ना? तुमच्या रसदीत खोट शोधण्यात माझी चार वर्षं गेली आणि ती कधी सापडली नाही. या चाली तुमच्या वाटत नाहीत. काळजी वाटते म्हणून विचारलं.” साडूभाऊ, तुमच्या शत्रूला तुमची काळजी, आणि मी, घरचा माणूस, तुम्हाला अंथरुणावर फसवतोय! मी त्याला सगळं खरं लिहून टाकलं. गुडघा, हॉस्पिटल, पिंपं, सगळं. त्याचं उत्तर दोन ओळींचं: “माझी फौज आहे तिथे थांबली आहे. माझा दिवस त्यांच्या चालीनेच सुरू होतो, सांगा त्यांना, घाई करू नका.”

त्याच्यापुढे कबूल करवलं आणि तुमच्यापुढे नाही, ही लाज त्या विमानांपेक्षा मोठी. म्हणून हे पत्र. रागवा, पण गुडघ्यावर जोर न देता.

तुमचा, तोंड लपवून बसलेला,
धाकटा साडू

ता. क. तुम्ही ऑपरेशनला गेलात त्या दिवशी जशी होती, तिथून लढाई पुन्हा मांडायला घुबड तयार आहे. अट एकच, मला विमानांपासून लांब ठेवायचं. मी तुमच्या वतीने ताबडतोब मान्य केलं. यापुढे मी त्या नकाशाकडे बघणारसुद्धा नाही.

ता. क. २. खरं विचारायचं होतं ते राहिलंच. सगळ्यात मागच्या तळावर एक जुनं, छोटं मालवाहू विमान आहे. तुम्हालाही त्याचा उपयोग नाही, घुबडालाही त्याची भीती नाही. तेवढं एक माझ्याकडे राहू द्याल का? पेट्रोल अजिबात नेणार नाही. फक्त ब्लँकेटं नेईन. ब्लँकेटांना पेट्रोल लागत नाही, हे मी नीट तपासून पाहिलंय.