पानोपानी उत्कंठा

१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

घरी फोन. आईने विचारलं, जेवलास का. जेवलो. बाबांनी विचारलं, सगळं ठीक? ठीक. मग फोन धाकटीकडे. मी विचारलं, जेवलीस का. हो. अभ्यास? हो. पुढे नुसता पंख्याचा आवाज. तिच्याकडचा की माझ्याकडचा, तेही कळेना.

मग ती म्हणाली, दादा, दर रविवारी हेच दोन प्रश्न विचारतोस, मी उत्तरं रेकॉर्ड करून ठेवू का? आणि पुढच्या रविवारपासून आई-बाबांशीच बोल, माझा क्लास असतो.

रविवारी संध्याकाळी कसला आलाय क्लास!

ती फोन ठेवणार तेवढ्यात माझ्या तोंडातून निसटलं, अगं, ते तुझं ‘धुक्याचे वारस’ वाचलं मी. तिन्ही भाग.

तिकडून अशी किंकाळी आली की आई धावत आली म्हणे, काय झालं बघायला. मग पोरगी जी सुटली! मी इकडे नोकरीला आल्यापासून सगळं मिळून एवढं बोलली नसेल. चौथा भाग, म्हणजे शेवटचा, २७ तारखेला येतोय. दोघांनी त्याच दिवशी वाचायला घ्यायचा आणि २९च्या रविवारी शेवटावर बोलायचं. वचन मागितलं. दिलं.

तसं बघितलं तर मी खोटं बोललो नाही. वाचणारच आहे. आधी सांगितलं, नंतर वाचलं, एवढाच फरक.

२ सप्टेंबर, सोमवार.

मी पुस्तकांच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. ही मालिका मीच ट्रकमधून उतरवतो, मीच रॅकवर चढवतो. विहिरीच्या काठावर बसून तहानलेला राहीन होय!

प्लॅन: आठवड्याला एक भाग. तीन आठवडे, तीन भाग. चौथ्याला माणूस ताजातवाना.

फाटक्या मालाच्या रॅकवरून पहिला भाग आणला. फोर्कलिफ्टने एक कोपरा चावलाय, बाकी ठणठणीत.

३ सप्टेंबर, मंगळवार.

खोलीत बसून सुरुवात केली. सातवीत शाळा सोडली, पण अक्षरं काय कुठे पळून जात नाहीत. फक्त जोडाक्षर आलं की गाडी घाटात अडकल्यासारखी होते. मागून धक्का मारावा लागतो.

अर्धं पान झालं. रूममेट पेंटर आहे, अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास. त्याने विचारलं, काय प्रोफेसर, पान उलटलं का? मूड गेला.

वाचनाला वातावरण लागतं.

५ सप्टेंबर, गुरुवार.

वातावरणासाठी टेबल लॅम्प आणला. टेबल नाही. लॅम्प उशीवर ठेवला. उशी नसल्यामुळे मान अवघडली. आज वाचन बंद.

७ सप्टेंबर, शनिवार.

उद्या फोन. पहिल्या भागाचं दुसरं पान चालू आहे. घाबरण्याचं कारण नाही. गोडाऊनमधल्या माणसाला पुस्तक आतून वाचायची गरजच काय? सगळी महत्त्वाची माहिती मागच्या कव्हरवर छापलेली असते. प्लास्टिक न फाडता वाचता येते. जेवणाच्या सुट्टीत तिन्ही भागांची मागची बाजू तोंडपाठ केली. रॅकसमोर उभं राहून पुटपुटत होतो, तर सुपरवायझर आले. त्यांना आम्ही भिंग म्हणतो, कारण खोक्यावरचा ओरखडासुद्धा त्यांना लांबून दिसतो. म्हणाले, काय रे, जप करतोयस का?

८ सप्टेंबर, रविवार.

फोन फर्स्ट क्लास. तिने विचारलं, पहिला भाग कसा वाटला. मी म्हणालो, अंगावर काटा आणणारा, मनाची पकड घेणारा, पानोपानी उत्कंठा! ती म्हणाली, हो ना! मी म्हणालो, मैत्री आणि विश्वासघात यांच्या सीमारेषेवरचा थरार. ती म्हणाली, दादा, तू किती छान बोलायला लागलास.

मग विचारलं, तुला कोण जास्त आवडतं, ती पोरगी की दाराशी उभा असतो तो पहारेकरी? मी विचार करून म्हणालो, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पुन्हा पंख्याचा आवाज. मग म्हणाली, दादा, पहारेकरी म्हणजे तीच असते ना, वेष बदलून.

मी म्हणालो, म्हणूनच तर म्हणालो, दोघंही.

ती हसली. वाचलो. वाचलो म्हणजे सुटलो.

११ सप्टेंबर, बुधवार.

गोडाऊनमध्ये ओव्हरटाइम. घरी येऊन पुस्तक छातीवर घेतलं आणि डोळे मिटले ते थेट सकाळी उघडले. पुस्तकाच्या वजनाने झोप चांगली लागते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.

प्लॅनमध्ये छोटा बदल. पहिले दोन भाग तिने इतक्यांदा सांगितलेत की ते वाचल्यातच जमा. डायरेक्ट तिसरा घ्यावा.

तिसऱ्याच्या पहिल्याच पानावर चार माणसं अशी आली की जणू माझी त्यांची जुनी ओळख. एक तर आल्या आल्या रडायला लागला. मला कळेना, याचं कोण गेलं. पुन्हा पहिला भाग उघडला. तो उशीखाली राहून वाकडा झालाय.

१५ सप्टेंबर, रविवार.

धाकटीने परवा वर्गात सांगितलं म्हणे, माझा दादा पुस्तकांच्या कंपनीत आहे, आणि तो सगळी पुस्तकं वाचतो. बाईंनी विचारलं, शिक्षण किती झालंय दादाचं? ती म्हणाली, शिक्षण कमी आहे, पण वाचन खूप आहे.

आधी छाती फुगली. फोन ठेवल्यावर तीच छाती दुखायला लागली. पेंटर म्हणाला, गॅस असेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार.

आले! चौथ्या भागाचे खोके आले. ट्रकभर. प्रत्येकावर लाल पट्टी: २७ तारखेआधी उघडू नये. मीच उतरवले. धाकटी ज्याच्यासाठी दिवस मोजतेय ते माझ्या खांद्यावर होतं. खोक्याला कान लावून पाहिला. वजनाने भारी आहे. म्हणजे शेवट दुःखी असणार. हलक्याफुलक्या गोष्टींची पुस्तकं हलकी असतात, हा माझा अनुभव.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

विचार केला. २७ला मिळालं तर दोन दिवसांत माझ्याच्याने काय होणार? कधी नव्हे ते स्वतःशी खरं बोललो. निदान मागचं कव्हर तरी आधी पाठ झालं पाहिजे. कव्हर बघणं म्हणजे काही पुस्तक उघडणं नव्हे.

लाल पट्टीखालून हळूच कटर फिरवला. एक प्रत बाहेर काढली. उलटी केली. मागे फक्त एवढंच:

शेवट आम्ही इथे सांगणार नाही.

बाकी कोरं. तिन्ही भागांना बारा बारा ओळी, आणि याला ही एवढी एकच! गरजवंताचा विचारच करत नाहीत ही माणसं.

मागून भिंग म्हणाले, आम्हीपण सांगणार नाही, चल ऑफिसात.

२१ सप्टेंबर, शनिवार.

नोकरी राहिली. २७ची गर्दी आहे, माणूस हवाय, नाहीतर दार दाखवलं असतं असं भिंग म्हणाले. शिक्षा म्हणून परतीच्या विभागात टाकलंय. दुकानांनी परत पाठवलेली फाटकी, भिजलेली, चुकीची छापलेली पुस्तकं. तिथून पुढे सगळी रद्दीत. नवीन मालाला हात लावायचा नाही, त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही.

एका अर्थी बरंच झालं. इथे बसायला स्टूल आहे. वाचन वाढेल.

२२ सप्टेंबर, रविवार.

आज धाकटी कमी बोलली. म्हणाली, मैत्रिणींना यातलं काही आवडत नाही, त्या मला येडी म्हणतात. घरी आईला सांगायला गेलं तर ती भाजी चिरत हं हं करते. तू एकटाच आहेस. शेवटी कोणी मेलं तर मी रडणार, दादा. तू असशील ना फोनवर?

म्हणालो, असणार म्हणजे काय, मीसुद्धा रडणार.

त्या क्षणी सगळं सांगून टाकावं असं वाटलं. जीभ उचलली होती. पण मग पुढच्या रविवारी काय उरलं असतं? जेवलीस का. हो. अभ्यास? हो.

२४ सप्टेंबर, मंगळवार.

स्टूल मोडकं निघालं.

पहिला भाग, पान पाच. आता फार उशीर झालाय हे मला दिसतंय. रोज दिसतंय. पुस्तक उघडलं की अक्षरांच्या आधी तेच दिसतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.

प्रकाशन. पलीकडच्या बाजूला नुसती धावपळ, ट्रकवर ट्रक. मी इकडे भिजलेली पुस्तकं मोजतोय. शिफ्टनंतर दुकानात गेलो. संपलं होतं! शेवटची प्रत एक शाळकरी मुलगी घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, दुपारीच संपलं, तुम्ही कुठे होता? मी म्हणालो, गोडाऊनमध्ये. तो हसला. मला हसू नाही आलं.

धाकटीचा मेसेज: शाळेच्या लायब्ररीत माझा पहिला नंबर! घेतलं! तू घेतलंस?

उत्तर दिलं: हो. हातात आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार.

देव नाही असं कोण म्हणतं! परतीच्या गठ्ठ्यात चौथा भाग आला. एका दुकानाने सात प्रती परत पाठवल्यात. भिंग म्हणाले, यांचं बाइंडिंग चुकलंय, हवी तर एक घेऊन जा, नाहीतरी रद्दीच. माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

बाइंडिंगशी मला काय करायचंय! मला गोष्टीशी मतलब. कव्हर तर चकाचक आहे.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

प्लॅन. साधा आणि सोपा. तिला बोलायचंय शेवटावर. मग शेवटच वाचायचा. शेवट कळला की मधलं आपोआप कळतं, जसं ट्रक कुठे थांबला ते कळलं की रस्ता कळतो. पुस्तक मागून उघडलं. पेंटरला हात जोडून बाहेर पाठवलं. बोट ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द वाचला. शेवटची चार पानं. सलग! आयुष्यात पहिल्यांदा.

काय शेवट आहे! ती पोरगी पुलावर एकटी उभी आहे. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी. पलीकडे धुकं. ती हाक मारते आणि कोणी ओ देत नाही. संपलं. सगळं जिंकलं, पण बूट गेला आणि माणसं गेली. माझे डोळे खरंच भरून आले. मेहनतीचं चीज झालं.

२९ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

ती म्हणाली, आधी तू सांग. मी सांगितलं. पूल, धुकं, अनवाणी पाय, हाक. कव्हरवरचा एक शब्द वापरला नाही. सगळं माझं. म्हणालो, त्या बुटाने मला रडवलं गं. लेखिकेने शेवटी तिला एकटीच सोडलं, याला हिंमत लागते.

पंख्याचा आवाज.

मग अगदी हळू म्हणाली, दादा, ते पहिलं पान आहे.

म्हणालो, नाही गं, माझ्याकडे शेवटी आहे, बघ, मागचं कव्हर इथेच लागून आहे. ती म्हणाली, पुढून उघड. उघडलं. पूल. धुकं. एका पायात बूट. अक्षर न् अक्षर तेच. शेवटच्या पानांच्या जागी सुरुवातीचीच पानं पुन्हा शिवलेली. म्हणून सात प्रती परत आल्या होत्या. म्हणून भिंग म्हणाले होते बाइंडिंग.

ती म्हणाली, म्हणजे तू पहिलं पानसुद्धा उघडलं नव्हतंस.

मी म्हणालो, जेवलीस का?

फोन ठेवला तिने.

३० सप्टेंबर, सोमवार.

कामावर लक्ष नाही. चांगली पुस्तकं रद्दीत टाकली, भिंगांनी परत काढायला लावली. पेंटरला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसला नाही. त्याने माझी उशी झटकली, लॅम्पखाली एक उलटी बादली ठेवली आणि म्हणाला, हे घे टेबल.

त्याचं नाव घेऊन आभार मानावेत असं वाटलं. मानले नाहीत.

संध्याकाळी फोन वाजला. धाकटी. सोमवारी! आई नाही, बाबा नाहीत, थेट ती. म्हणाली, पहिला भाग आहे का तुझ्याकडे? म्हणालो, आहे, एक कोपरा नाहीये. म्हणाली, पहिलं पान काढ. मोठ्याने वाच. मला झोपवू नकोस, आणि मला फसवू नकोस.

वाचलं. घाटात तीनदा गाडी अडकली. ती मध्ये बोलली नाही, शब्द सुचवला नाही, हसलीही नाही. एकदा तर इतका वेळ अडकलो की वाटलं, ठेवला असेल फोन. पण पंख्याचा आवाज येत होता. तिच्याकडचाच. माझा बंद होता.

पान संपलं. घाम पुसला.

विचारलं तिने, कसं वाटलं?

म्हणालो, पानोपानी उत्कंठा.

ती म्हणाली, दादा, अजून एकच पान झालंय.